काटा आणि अर्थ

धारहून मोहनखेड्यास जावयाचे म्हणजे पश्चिमेची वाट धरावयाची. अंतर उणेपुरे ४७ किलोमीटर. इंदूर-देवासकडील वाचकांनी त्यात इंदूर ते धार हे सुमारे ६५ किलोमीटर मिळवावे, म्हणजे त्यांचाही हिशेब बसेल. इंदूर-अहमदाबाद महामार्ग आता रुंद झाल्यामुळे ही वाट पूर्वीसारखी दिवस खात नाही. तासाभरात माणूस राजगडापाशी पोहोचतो. पण आमची गाडी या महामार्गाहून वयाने वडील. तिला दोन तास लागतात.

तिरला मागे पडले की दोन्ही अंगांना पौषातला हिरवा गहू आणि मधूनमधून लसणाची शेते दिसू लागतात. पुढे मांगोदपाशी डाव्या हातास अमझेऱ्याचा रस्ता फुटतो. मराठी माणसाने येथे क्षणभर तरी मान वळवून पाहावे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांच्या फौजेने अमझेऱ्यापाशी माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. सुभेदार रणात पडला आणि आपल्या पूर्वजांना माळव्याचे दार उघडले. धारचे पवार, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या, इंदूरचे होळकर यांच्या दौलती ज्या घटनांनी या मातीत रुजल्या, त्यांतली ही एक मोठी घटना. याच अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांनी पुढे १८५७ च्या उठावात उडी घेतली आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास ते फासावर गेले. इतका इतिहास डाव्या हातास ठेवून आपण सरळ पश्चिमेस जातो.

आम्ही निघालो होतो ते गुरुसप्तमीस. पौष शुद्ध सप्तमी ही आचार्य श्रीमद् राजेंद्रसूरी यांची जन्मतिथी आणि तीच पुण्यतिथी. त्या दिवशी मोहनखेड्यास गुजरात, राजस्थान आणि सबंध माळव्यातून माणूस लोटतो. आम्ही जैन नव्हेत. पण आमच्या वडिलांचे राजगडचे एक जैन स्नेही धान्याचा व्यापार करीत आणि त्यांच्या शब्दाखातर वडील दर वर्षी आपल्या शेतातल्या गव्हाची सहा पोती यात्रेकरूंच्या भोजनासाठी पोहोचवीत. वडील गेले. ते स्नेही आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. पोत्यांचा नेम मात्र आम्ही मोडला नाही.

ही पोती वाहणारी पिकअप हीदेखील वडिलांचीच ठेव. जीपच्या घराण्यातली, १९६८ सालची, पेट्रोल पिणारी. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नूतन करून घेतो आणि वर्षातून पाचदहा वेळा तिला बाहेर काढतो. तिच्या पेट्रोलच्या काट्यावर वडिलांचा कधीच विश्वास नव्हता. खोबणी पाडलेली बांबूची एक पट्टी ते टाकीत बुडवीत, ओली झालेली खूण पाहत आणि मगच निघत. ‘काट्याचे ऐकावे, पण पट्टीला विचारावे,’ असे ते म्हणत. ती पट्टी आमच्या कोठारात दारामागे टांगलेली आहे. वडिलांच्या पश्चात ती फारशी खाली उतरली नव्हती.

गाडी चालवितो तो आमच्या शेतावरच्या गड्याचा मुलगा. वय बावीस-तेवीस. आठवीपर्यंत आमच्याच शाळेत होता; पुढे शाळा सोडून दोन-तीन वर्षे एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात राबला. अजूनही आम्हांला ‘माटसाब’ म्हणतो. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याला चाळीस लिटर पेट्रोलचे पैसे दिले. तो पंपावर जाऊन आला, पावती आणून दिली. गाडी रात्री त्याच्याच अंगणात राहिली, कारण पहाटे पोती तिकडूनच भरावयाची होती.

पहाटे आम्ही व आमच्या सौभाग्यवती गाडीत चढलो. किल्ली फिरविली. काटा हळूहळू वर आला आणि पाव टाकीवर थांबला.

वाचकहो, येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मार्गशीर्षातही दोनदा हा काटा आमच्या अंदाजापेक्षा खाली दिसला होता. तेव्हा आम्ही बोललो काही नाही. पण मनाच्या हजेरीपटावर त्या पोराच्या नावापुढे दोन खुणा केल्या होत्या. आज तिसरी झाली. आम्ही म्हणालो, “चाळीस लिटरची पावती आणि पाव टाकी पेट्रोल? रात्रीत पेट्रोलला पाय फुटले की काय?”

तो क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, “माटसाब, टंकी भरी है. काडी डाल के देख लो.”

“उशीर होतोय. चल,” आम्ही म्हणालो.

सौभाग्यवती हलकेच म्हणाल्या, “अहो, बघा ना एकदा. पट्टी आहे की कोठारात.” आम्ही त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. पाव टाकीत राजगड सहज गाठता येत होते. परतीचे पेट्रोल तेथे भरता आले असते. पाहण्याची आवश्यकता आम्हांस वाटली नाही, कारण आमचा निकाल लागून चुकला होता.

मांगोदच्या अलीकडे एका गतिरोधकावरून गाडी जरा जोरात गेली. धक्क्यासरशी काटा ढळला आणि सावकाश खाली येत येत शून्याला टेकला. आता गाडी कोणत्याही क्षणी आचके देऊन थांबणार, या विचाराने आम्ही सावरून बसलो. पाच किलोमीटर गेले. दहा गेले. इंजिनाचा सूर बदलला नाही. आमच्या गाडीला एका लिटरात आठ किलोमीटरांहून अधिक जमत नाही. शून्याला टेकलेल्या टाकीतून एवढी मजल निघणे अशक्य होते. पोरगा समोर रस्त्याकडे पाहत चालवीत होता. एरवी तो वाटेतल्या प्रत्येक ट्रकची जात सांगतो. आज तोंडातून शब्द नाही. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होत्या. तिघांच्या मध्ये तो काटा तेवढा बोलत होता आणि त्याचे बोलणे आता आमचे आम्हांसच पटेनासे झाले होते.

सरदारपूर आले. इंग्रजी अमदानीत येथे माळवा भिल्ल पलटणीचे ठाणे होते. या गावाजवळून मही नदी वाहते. तिचा उगम याच तालुक्यात, मिंडा गावापाशी. एवढासा प्रवाह येथून उत्तरेकडे राजस्थानात जातो, तेथे वळण घेऊन गुजरातेत उतरतो आणि सुमारे ५८० किलोमीटर चालून खंभातच्या आखातास मिळतो. वाटेत ही नदी कर्कवृत्त दोनदा ओलांडते. वर्गात नकाशावर हे वळण आम्ही शेकडो मुलांना दाखविले आहे. त्या मुलांत हाही एक होता.

राजगडाहून मोहनखेडे अगदी जवळ. तीर्थाच्या आवारात शिरलो तेव्हा गर्दी दाटली होती. धर्मशाळांच्या ओसऱ्या भरलेल्या, भोजनशाळेपुढे रांगा, स्वयंसेवकांची धावपळ. श्री आदिनाथांचे हे मंदिर राजेंद्रसूरींच्या प्रेरणेने १८८४ च्या सुमारास उभे राहिले. १८२७ साली भरतपुरास जन्मलेले हे आचार्य १९०६ साली राजगडास कालवश झाले आणि त्यांची समाधी मोहनखेड्यासच आहे. त्यांच्या काळी यतिवर्गात शिरलेल्या थाटामाटास सोडचिठ्ठी देऊन त्यांनी १८६८ साली जावऱ्यास कडक आचाराची कास धरली, ही त्यांची एक ओळख. दुसरी ओळख आमच्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यास अधिक जवळची: ‘अभिधान राजेंद्र’ हा प्राकृताचा सात खंडांचा महाकोश. उतारवयात सुरू केलेले हे काम त्यांनी सुमारे चौदा वर्षे रेटले. ग्रंथ रतलामास छापून निघाला, तो त्यांच्या पश्चात. मराठी ज्या प्राकृताच्या कुशीतून आली, तिच्या सख्ख्या बहिणीचे हे भांडार आपल्या शेजारी, माळव्यात छापले गेले, हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते.

पोती उतरली. सौभाग्यवती दर्शनास गेल्या. पोराने आवाराबाहेरच्या कडुनिंबाची एक सरळ काडी तोडली, पाने ओरबाडून काढली, टाकीचे झाकण उघडून ती तळापर्यंत सोडली आणि वर काढून आमच्यापुढे धरली. काडी तीन चतुर्थांशाहून वर ओली होती. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. पेट्रोल भरभर उडून जाते. आम्ही पाहत असतानाच ती ओल वरून खाली विरत गेली.

शेवटी आम्ही म्हणालो, “मग काट्याला झाले काय?”

“देखते हैं,” तो म्हणाला.

पुढचा अर्धा तास त्याने जे केले ते आम्ही शिष्यभावाने पाहिले आणि ते वाचकांसाठी येथे लिहितो. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांना उपयोग होईल. टाकीत एक पोकळ फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. त्याच्या दांड्याचे दुसरे टोक एका बारीक रोध-तारेवरून सरकते. टाकी भरलेली असेल तर विजेच्या वाटेत तार थोडी येते आणि प्रवाह अधिक वाहतो. टाकी रिकामी असेल तर तार अधिक येते आणि प्रवाह क्षीण होतो. काट्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाहाने ती तापते, वाकते आणि काट्यास ढकलते. म्हणून तो झटकन न उठता आळसावलेल्या माणसासारखा सावकाश उठतो. काही घराण्यांच्या गाड्यांत हे गणित नेमके उलटे असते, तेव्हा आपल्या गाडीची रीत आधी जाणून घ्यावी.

त्याने पहिल्याने इंजिनाच्या उष्णतेचा काटा पाहिला. तो बरोबर होता. आमच्या गाडीत दोन्ही काट्यांना एकाच चिमुकल्या नियामकातून वीज मिळते. दोन्ही काटे बिघडले असते तर संशय नियामकावर गेला असता. एकच बिघडला, म्हणजे दोष त्याच्या पुढच्या वाटेत. मग झाकण घट्ट लावून, आजूबाजूस कोणी विडी ओढीत नाही हे पाहून, तो हौद्याखाली शिरला. टाकीवर येणारी तार त्याने सोडविली आणि तिला दुसरी लांब तार जोडून तिचे टोक टाकीपासून दूर, चासीच्या उघड्या लोखंडास टेकविले. किल्ली आम्ही फिरविली. काटा उठला आणि चढत चढत ‘पूर्ण’ या खुणेकडे निघाला. तेथे पोहोचताच त्याने तार उचलली, कारण ती अधिक वेळ टेकवून ठेवल्यास काटा जळण्याचे भय. याचा अर्थ काटा धडधाकट आणि तेथवरची तारही धडधाकट.

आता राहिला फ्लोट. फ्लोटला भोक पडून तो बुडतो, दांडा अडकतो, रोध-तार झिजते. पण त्यासाठी तो टाकीतून बाहेर काढावा लागतो आणि भरल्या टाकीशी तो खेळ करू नये. त्याआधी त्याने एक सोपी गोष्ट केली. सोडलेली तार पूर्ववत जोडली; दुसरा एक तुकडा घेऊन त्याचे एक टोक फ्लोटच्या कडेच्या खरवडलेल्या स्क्रूला आणि दुसरे चासीला लावले. आम्ही किल्ली फिरविली. काटा उठला आणि तीन चतुर्थांशावर जाऊन स्थिर राहिला, निंबाच्या काडीने सांगितले होते तेथेच.

खालून त्याचा आवाज आला, “माटसाब, अर्थ नहीं मिल रहा था.”

आम्ही तसेच उभे राहिलो. जमिनीला किंवा चासीला जोडून विजेची परतवाट पुरी करणे यास मोटारवाले ‘अर्थ’ म्हणतात, हे आम्हांस ठाऊक होते. पण आयुष्यभर मुलांना कवितांचा अर्थ विचारीत आलेल्या माणसास हा शब्द त्या पोराच्या तोंडून, गाडीखालून ऐकू यावा, आणि तोही कोशकाराच्या समाधीपासून शंभर पावलांवर! त्या कोशात शब्द नुसता ठेवलेला नाही. तो कोठून आला, कोणत्या ग्रंथात कोणत्या प्रयोजनाने आला, याचा आधार देऊन ठेवला आहे. आधार तुटला की शब्द उरतो, पण काय सांगतो ते कळेनासे होते. ‘कंटक’ या संस्कृत शब्दाचा प्राकृतातून ‘काटा’ झाला. मराठीत तो टोचतो आणि तोच तोलतोही. आम्ही त्या पहाटे तोलावयाच्या काट्याने एका पोराला टोचले होते.

अर्थ तुटला कोणामुळे, हेही लवकरच उघड झाले. दिवाळीच्या आधी टाकीला गंज दिसला म्हणून आम्ही ती उतरवून घेतली, स्वतः उभे राहून तिला रंगाचे दोन जाड हात देवविले आणि ती आवाज करू नये म्हणून पट्ट्यांखाली नवे रबर घालविले. तोंडाची नळी रबरी, पेट्रोल नेणारी नळी रबरी. रंग आणि रबर यांनी टाकीला चासीपासून इतकी निगुतीने वेगळी केली की परतवाट उरली ती एका बोल्टाच्या ओरखड्यातून. तो ओरखडा धड टेकला तर काटा खरे सांगे, अर्धवट टेकला तर पाव टाकी दाखवी, गतिरोधकावर सुटला तर शून्य. मार्गशीर्षातल्या आमच्या त्या दोन खुणाही याच बोल्टाने केलेल्या. आमच्याच जिल्ह्यात, पीथमपुरास, मोटारींची परीक्षा घेण्यासाठी ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग २०२१ साली खुला झाला. तो पाहावयास आम्ही मुलांची सहल नेण्याचे बेत करीत होतो आणि घरच्या गाडीचा एक बोल्ट आम्हांस वाचता आला नव्हता.

काट्याचा यात अपराध नव्हता. त्याच्यापर्यंत जेवढा प्रवाह पोहोचला तेवढा त्याने इमानाने दाखविला. अपराध आमचा, की पट्टी घरात असून, पोर स्वतः ‘पाहा’ म्हणत असून, आम्ही पाहिले नाही.

सौभाग्यवती प्रसाद घेऊन आल्या. आमच्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळले. “सांगितलेत का त्याला?” एवढेच त्यांनी विचारले.

जैन लोक क्षमा मागताना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा भाव. संवत्सरीस राजगडच्या त्या स्नेह्यांचे हे शब्द छापलेले पत्र दर वर्षी येई आणि वडील ते जपून ठेवीत. प्राकृताचे हे दोन शब्द आम्हांस पाठ होते, त्यांची व्युत्पत्तीही सांगता आली असती. पण त्या दिवशी ते ओठांवर आणणे म्हणजे विद्वत्तेआड लपणे झाले असते. आम्ही साध्या हिंदीत म्हणालो, “सकाळी मी चुकीचे बोललो. तू काही केले नव्हतेस.” तो हाताला लागलेले काळे पुसत होता. “कोई बात नहीं माटसाब,” तो म्हणाला आणि बॉनेट उघडून पाणी पाहू लागला. विषय त्याने बदलला. आमच्यावर उपकारच केला.

धारला परतल्यावर त्याने फ्लोटच्या कडेपासून चासीपर्यंत कायमची तार बसविली, दोन्ही टोकांचा रंग लखलखीत लोखंड दिसेतो खरवडला आणि वरून गंज चढू नये म्हणून ग्रीस लावले. खर्च वीस-पंचवीस रुपयांपलीकडे गेला नाही. तेव्हापासून काटा पट्टीशी तंतोतंत जुळतो. वडिलांची बांबूची पट्टीही आता कोठारातून उतरून गाडीत सीटमागे आली आहे.

मात्र एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या दिवसापासून पोरगा पंपावरून आला की पावती देऊन थांबत नाही. आम्ही न मागता पट्टी काढतो, टाकीत बुडवितो आणि ओली खूण आमच्यापुढे धरतो. “अरे, नको, काटा दिसतो आहे की,” असे आम्ही दोनदा-तीनदा म्हणून पाहिले. तो मान डोलावतो आणि पुढच्या खेपेस पुन्हा पट्टी घेऊन उभा राहतो. गाडीचा अर्थ एका तारेने जुळला. हा दुसरा जुळावयास किती खेपा लागतील, ते त्याच्या हातात आहे. तोवर त्याने धरलेली पट्टी आम्ही नीट, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहतो.